रक्तदाबाची संयुक्त गोळी: सुरक्षितपणे घेण्यासाठी तुम्ही घरी काय करता?

अनघा_चिपळूण | ८ जुलै, रात्री ९:१२

नमस्कार. माझी आई ७१ वर्षांची असून चिपळूणला असते, मी पुण्यात. तिला गेली नऊ वर्षे रक्तदाबासाठी रोज सकाळी दोन गोळ्या होत्या, टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. मे महिन्यात ती माझ्याकडे आली असताना येथील डॉक्टरांनी, गोळ्यांची संख्या कमी व्हावी म्हणून, तीच दोन औषधे त्याच मात्रेत एकत्र असलेली एक गोळी लिहून दिली. ‘त्या दोन्ही बंद, आता ही एकच,’ असे त्यांनी सांगितल्याचे मला स्पष्ट आठवते. आईच्या लक्षात मात्र एवढेच राहिले की मोठी गोळी बदलली. चिपळूणला परतल्यावर तिने नवी गोळी सुरू केली आणि घरात शिल्लक असलेली ‘छोटी पांढरी’ही चालूच ठेवली, कारण तिच्या मते ती वेगळीच गोळी होती, तिचे नावही वेगळे होते. म्हणजे अ‍ॅम्लोडिपिन रोज ५ ऐवजी १० मिलिग्रॅम पोटात जाऊ लागले.

दहा-बारा दिवसांत तिचे घोटे सुजले. संध्याकाळी पायावर बोट दाबले की खळगा पडायचा आणि तो बराच वेळ तसाच राहायचा. तिथल्या डॉक्टरांना तिने नव्या गोळीची चिठ्ठी दाखवली, जुन्या गोळीबद्दल सांगितले नाही, त्यामुळे त्यांनी सुजेसाठी लघवीची गोळी दिली. सूज उतरली नाही. पुढच्या आठवड्यात पहाटे उठून न्हाणीघराकडे जाताना तिला अंधारी आली आणि दाराची चौकट धरून ती खाली बसली. पडली नाही, हे आमचे नशीब.

मी दुसऱ्याच दिवशी चिपळूण गाठले आणि घरातली सगळी औषधे पलंगावर मांडली. छोट्या पांढऱ्या गोळीची पट्टी दुकानदाराने कात्रीने कापून दिलेली होती, तिच्या मागच्या चंदेरी कागदावर नावातली फक्त ‘...पिन’ ही शेवटची अक्षरे उरली होती. खिडकीच्या उजेडात धरून ती वाचली तेव्हा माझ्या लक्षात आले. आईचा रक्तदाब बसून ११८/७० होता आणि उभे राहिल्यावर ९४/६०. डॉक्टरांनी जास्तीची गोळी आणि लघवीची गोळी अशा दोन्ही बंद केल्या.

माझे दोन प्रश्न आहेत. संयुक्त गोळी घेणाऱ्यांनी असा घोळ होऊ नये म्हणून घरी नेमकी कोणती व्यवस्था ठेवली आहे? आणि यापेक्षा पुन्हा दोन सुट्या गोळ्यांवर जाणे बरे का?

रानजाई | ८ जुलै, रात्री ९:४०

अनघाताई, तुमचे वाचून लगेच बाबांचा औषधांचा डबा उघडला. त्यात बंद झालेल्या तीन गोळ्या अजून आहेत. आताच बाजूला काढल्या.

गोदाकाठ | ८ जुलै, रात्री १०:२५

मी औषधनिर्माता आहे आणि नाशिकला अठरा वर्षे औषधांच्या दुकानात उभा आहे. तुमच्या आईंसारखा प्रसंग मी अनेकदा पाहिला आहे. त्याचे मूळ एकाच गोष्टीत आहे: लोक गोळीला तिच्या रंगाने, आकाराने किंवा कंपनीने ठेवलेल्या नावाने ओळखतात, आतल्या औषधाच्या नावाने ओळखत नाहीत. पट्टीवर मोठ्या अक्षरांत व्यापारी नाव असते आणि त्याच्या जवळच औषधाचे मूळ नाव व मात्रा छापलेली असते. आपल्या उपयोगाचे तेच असते. नावापुढे ‘एएम’ असले तर बहुधा अ‍ॅम्लोडिपिन, ‘एच’ असले तर हायड्रोक्लोरोथायझाइड, ‘सीटी’ असले तर क्लोरथॅलिडोन (ही शेवटची दोन्ही लघवीची औषधे) असा संकेत आहे. तीन औषधांच्या गोळीला ही अक्षरे एकापुढे एक जोडतात. पण सगळ्याच कंपन्या हे सारखे पाळत नाहीत, म्हणून अक्षरांवरून तर्क करू नये, आतली नावे वाचावीत. दोन पट्ट्यांवर एकच मूळ नाव आढळले, तर दोन्ही गोळ्या घेण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

कापलेल्या पट्टीबद्दल तुम्ही लिहिले आहे ते फार महत्त्वाचे आहे. दहाच्या पट्टीतून सहा गोळ्या कापून दिल्या की नाव एका तुकड्यावर जाते आणि मुदतीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर. रोज घ्यायच्या औषधाची अख्खी पट्टीच मागावी. अगदीच जमले नाही तर बिल घ्यावे, त्यावर औषधाचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत लिहिलेली असते. ते पट्टीलाच रबराने बांधून ठेवावे.

दुकानदाराने ‘हीच गोळी आहे, फक्त कंपनी वेगळी’ असे म्हटले तर त्यालाच दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून मूळ नावे वाचून दाखवायला सांगा. चांगल्या दुकानदाराला त्याचा राग येत नाही. जनऔषधी केंद्रातल्या गोळीवर मूळ नावच ठळक असते, तिथे ओळखणे त्या मानाने सोपे जाते.

सह्यकडा | ९ जुलै, सकाळी ७:०५

माझे मत थोडे वेगळे आहे. माझा अनुभव असा की संयुक्त गोळी सोयीची खरी, पण अडचणीच्या वेळी ती हात बांधून ठेवते. मला टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी होती. तीन वर्षांपूर्वी लग्नाच्या जेवणानंतर मला दोन दिवस उलट्या-जुलाब झाले. अंगातले पाणी कमी झालेले असताना मी नेमाने गोळी घेत राहिलो, कारण ‘बीपीची गोळी कधीही चुकवायची नाही’ हे माझ्या मनावर पक्के ठसलेले होते. त्यातच अंग दुखते म्हणून डायक्लोफिनॅकच्या गोळ्याही घेतल्या. तिसऱ्या दिवशी लघवी जवळजवळ थांबली आणि रुग्णालयात मूत्रपिंडांचे काम दाखवणारे रक्तातले क्रिअ‍ॅटिनिन २.४ आले. एरवी माझे ०.९ असते. सलाइन लावून, गोळ्या थांबवून आठवडाभराने ते जाग्यावर आले.

त्यानंतर मी डॉक्टरांना विनंती करून औषधे सुटी करून घेतली. एखादे थांबवायचे झाले तर तेवढेच थांबवता येते. अनघाताई, दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर ‘होय, सुट्या गोळ्या बऱ्या’ असे आहे.

अजिंक्यतारा | ९ जुलै, दुपारी २:३०

मी सातारा जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. सह्यकडा यांच्यावर जे ओढवले ते गंभीर होते आणि त्यांनी सविस्तर लिहिले याबद्दल त्यांचे आभार. पण त्यांच्या निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही, ते का ते सांगतो.

रक्तदाब एकाच औषधाने काबूत येतो असे रुग्ण कमीच असतात. एका औषधाची मात्रा दुप्पट करण्यापेक्षा वेगळ्या तऱ्हेने काम करणारे दुसरे औषध थोड्या मात्रेत जोडले, तर रक्तदाब अधिक उतरतो आणि दुष्परिणाम त्या मानाने कमी राहतात. अ‍ॅम्लोडिपिनमुळे रोहिण्या रुंदावतात, पण शिरा तेवढ्या रुंदावत नाहीत, म्हणून घोट्याजवळच्या बारीक वाहिन्यांतून पाणी पाझरून सूज येते. टेल्मिसार्टन शिरांनाही सैल करते, त्यामुळे दोन्ही एकत्र असताना ही सूज कमी होते. अनघाताईंच्या आईंची सूज लघवीच्या गोळीने का उतरली नाही, तेही यातच आले. त्यांच्या शरीरात जादा पाणी साठलेलेच नव्हते. औषधाच्या दुष्परिणामाला नवा आजार समजून त्यावर आणखी एक औषध देणे ही आम्हा डॉक्टरांच्या हातून होणारी चूक आहे, आणि समोर सगळ्या पट्ट्या आल्या तरच ती टळते.

दुसरी गोष्ट सातत्याची. तीन गोळ्या असल्या की एखादी सुटते, विशेषतः पैसे कमी असतात तेव्हा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत रक्तदाबाच्या संयुक्त गोळ्यांचा समावेश केला, त्यात टेल्मिसार्टन-अ‍ॅम्लोडिपिनही आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम महाराष्ट्रात सुरू झाला तो सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा या जिल्ह्यांतून. अ‍ॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन ही तिथे नेहमी लागणारी औषधे. डोंगरावरच्या वाडीतून महिन्यातून एकदा खाली येणाऱ्या आजींना ‘रोज एक’ सांगणे आणि ‘ही सकाळी, ती दुपारी, तिसरी अर्धी’ सांगणे यातला फरक मी रोज पाहतो.

आता सह्यकडा यांच्या आजारपणाबद्दल. टेल्मिसार्टनसारखे औषध, लघवीचे औषध आणि डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखे वेदनाशामक, ही तिन्ही एकाच वेळी पोटात गेली आणि त्यात अंगातले पाणी कमी झाले, तर मूत्रपिंडांवर फार मोठा ताण येतो. औषधे सुटी असती तरी धोका तोच होता. म्हणून माझ्या रुग्णांच्या चिठ्ठीच्या मागे मी लिहून देतो: उलट्या, जुलाब किंवा पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल इतका आजार असेल, तर फोन करा, यातली कोणती गोळी तेवढ्यापुरती थांबवायची ते सांगतो. प्रत्येकाने हे आपल्या डॉक्टरांकडून आजारी पडण्याआधीच विचारून घ्यावे, कारण प्रत्येकाचे उत्तर सारखे नसते. ज्यांच्या संयुक्त गोळीत हृदयाचे ठोके संथ करणारे मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल आहे त्यांनी तर ती मनाने एकदम मुळीच बंद करू नये, रक्तदाब उसळतो आणि हृदयविकार असलेल्यांच्या ते जिवावर बेतू शकते.

रानजाई | ९ जुलै, दुपारी ३:१०

डॉक्टर, मग गुडघे दुखत असताना बाबांनी काय घ्यावे? ते रोज एक वेदनाशामक घेतात आणि त्यांच्या गोळीत लघवीचे औषधही आहे.

अजिंक्यतारा | ९ जुलै, दुपारी ३:३५

आधी त्यांचे क्रिअ‍ॅटिनिन, सोडियम आणि पोटॅशियम तपासून घ्या आणि ती वेदनाशामक गोळी रोज घेतात हे त्यांच्या डॉक्टरांना या आठवड्यातच सांगा. यकृत ठीक असेल तर साधे पॅरासिटामॉल मर्यादित मात्रेत बहुतेकांना चालते, वरून लावायचे मलम आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायामही उपयोगी पडतात. संयुक्त गोळी नव्याने सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांत ही रक्ततपासणी व्हायलाच हवी, ती बऱ्याच जणांची राहून जाते.

सह्यकडा | ९ जुलै, रात्री ८:५०

वेदनाशामकाचा मुद्दा मला आजवर कोणी इतक्या स्पष्टपणे सांगितला नव्हता. तीन वर्षे मी सारा दोष संयुक्त गोळीला देत होतो. तरीही, मात्रा अजून ठरत असताना औषधे सुटी असावीत आणि ठरल्यावर एकत्र करावीत, एवढा आग्रह मी धरीन.

अजिंक्यतारा | ९ जुलै, रात्री ९:१५

वयस्कर आणि अशक्त रुग्णांच्या बाबतीत मीही बऱ्याचदा तसेच करतो.

लाटालहरी | १० जुलै, सकाळी ११:००

गोदाकाठ यांना एक विचारायचे आहे. आम्ही देवगडला राहतो. सासऱ्यांच्या गोळ्या मी आठवड्याच्या सात कप्प्यांच्या डबीत काढून ठेवत असे. पावसाळ्यात टेल्मिसार्टनच्या गोळ्या चार दिवसांत मऊ पडतात, बोटाला पिठूळ लागतात, एकदा तर कप्प्याच्या तळाशी चिकटून बसली होती. मी ती टाकून दिली, पण बाकीच्या तशाच दिल्या. हे चालते का?

गोदाकाठ | १० जुलै, दुपारी १२:२०

नाही, मऊ पडलेल्या गोळ्या देऊ नका. टेल्मिसार्टन हवेतला दमटपणा पटकन ओढून घेते, म्हणून ही गोळी घ्यायच्या क्षणापर्यंत पट्टीतच ठेवावी अशी सूचना असते. कोकणातल्या पावसात तर ती कटाक्षाने पाळावी. पट्ट्या न्हाणीघरात, गॅसच्या ओट्याजवळ किंवा फ्रिजवर ठेवू नका, खोलीतले कोरडे कपाट बरे.

आणि आणखी एक, गोळी मोडण्याबद्दल. संयुक्त गोळी अर्धी केली की आतली सगळी औषधे अर्धी होतात. काही संयुक्त गोळ्या दोन रंगांच्या दोन थरांच्या असतात, त्या मोडताना दोन्ही औषधांचे सारखे भाग पडतीलच असे नाही. मेटोप्रोलॉलची हळूहळू विरघळणारी गोळी कुटून किंवा चावून तर कधीच घेऊ नये, दिवसभराची मात्रा एकदम अंगावर येते.

लाटालहरी | १० जुलै, दुपारी १२:४५

आता कात्रीने एकेका गोळीचा कप्पा पट्टीसकट कापते आणि तो तसाच डबीच्या वाराच्या कप्प्यात ठेवते. नाव जाऊ नये म्हणून मूळ पट्टीचा नावाचा आणि मुदतीचा तुकडा डबीच्या झाकणाला आतून चिकटवला आहे. धन्यवाद.

मुठाकाठ | १० जुलै, सायंकाळी ५:३०

गोळी सकाळी घ्यावी की रात्री? मधे सगळीकडे रात्री घेतलेली चांगली असे फिरत होते.

अजिंक्यतारा | १० जुलै, सायंकाळी ६:०५

ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टाइम’ या अभ्यासात सकाळी घेणारे आणि संध्याकाळी घेणारे यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांबाबत फरक दिसला नाही. आठवणीने घेतली जाईल ती वेळ चांगली. गोळीत लघवीचे औषध असेल तर सकाळचीच ठेवावी, म्हणजे रात्री अंधारात उठावे लागत नाही. एखादा दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. अ‍ॅम्लोडिपिनचा रक्तातला अंश निम्म्यावर यायलाच ३० ते ५० तास लागतात, त्यामुळे एका चुकलेल्या गोळीने घाबरून जाण्याचे कारण नाही.

दादरचा_वाचक | १० जुलै, रात्री १०:४०

काढ्यांबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. आमच्या घरी खोकला आला की ज्येष्ठमधाचा काढा ठरलेला. आईने गेल्या हिवाळ्यात तो महिनाभर, दिवसातून दोनदा घेतला. गोळी नेमाने चालू असूनही तिचा रक्तदाब १६०च्या वर राहू लागला आणि पोटॅशियम घसरले. काढा बंद केल्यावर तीन आठवड्यांत सारे पूर्ववत झाले. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतले तर शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवते आणि पोटॅशियम बाहेर टाकते, हे आम्हाला तेव्हा कळले. ज्यांच्या संयुक्त गोळीत लघवीचे औषध आहे त्यांचे पोटॅशियम आधीच कमी होत असते.

दुसरी वनस्पती सर्पगंधा. तिच्याबद्दल मला आदर आहे, कारण मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे दाखवणारा लेख प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिकडे वेधले. १९५७ साली त्यांना लास्कर पुरस्कारही मिळाला. सर्पगंधेतून मिळणारे रिसर्पिन हे औषध पुढे कितीतरी वर्षे वापरात होते. म्हणजे ती निरुपद्रवी पाचोळा नव्हे, ते खरेखुरे औषध आहे, आणि म्हणूनच संयुक्त गोळीच्या जोडीला ‘आयुर्वेदिकच आहे’ म्हणून सर्पगंधेच्या गोळ्या चालू केल्या तर रक्तदाब फार उतरू शकतो, मनाला मरगळ येऊ शकते. वैद्यांना आणि डॉक्टरांना, दोघांनाही सगळे सांगावे.

गोदाकाठ | १० जुलै, रात्री ११:०५

फार उपयुक्त. याला सर्दीच्या गोळ्याही जोडा. चोंदलेले नाक मोकळे करणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत फिनिलएफ्रिन असते, ते रक्तवाहिन्या आकुंचित करते. सर्दीची गोळी मागताना ‘मला रक्तदाब आहे’ हे तीन शब्द आवर्जून उच्चारावेत.

चंद्रभागातीर | ११ जुलै, सकाळी ६:४५

आमचे काका दरवर्षी आळंदीहून पायी वारीला जातात. त्यांच्या गोळीत टेल्मिसार्टन, अ‍ॅम्लोडिपिन आणि क्लोरथॅलिडोन अशी तीन औषधे आहेत. वाटेत सारखी लघवीला लागते म्हणून पूर्वी ते वारीचे सगळे दिवस गोळी बंद ठेवत. दोन वर्षांपूर्वी मुक्कामावरच्या वैद्यकीय पथकाने रक्तदाब मोजला तेव्हा तो १९०/११० होता. या वर्षी काकांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारले. डॉक्टरांनी वारीपुरती लघवीचे औषध नसलेली दोन औषधांची गोळी लिहून दिली, उन्हात पाणी पीत राहायला सांगितले आणि एकादशीला निर्जळी करायची नाही असे बजावले. काका म्हणाले, ‘विठोबाला चालेल.’ परत आले की पुन्हा रक्तदाब मोजून जुनी गोळी सुरू करायची आहे.

ओवी_क | ११ जुलै, सकाळी १०:१५

उपवासाचे निघाले म्हणून विचारते, उपवासाला आम्ही सैंधव वापरतो. ते रक्तदाबाला चालते ना?

अजिंक्यतारा | ११ जुलै, सकाळी १०:५०

सैंधवातही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते, त्यामुळे ते मीठच समजून मोजावे. सगळे मिळून दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा कमी. लोणचे, पापड, फरसाण त्यातच धरावे. याच्या उलट ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून विकले जाते त्यात पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले असते. एरवी ते गुणकारी आहे, पण टेल्मिसार्टनसारखी औषधे शरीरात पोटॅशियम राखून ठेवतात. मूत्रपिंड अशक्त असेल किंवा जोडीला स्पायरोनोलॅक्टोन हे पोटॅशियम राखणारे लघवीचे औषध चालू असेल तर हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये. पोटॅशियम फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि त्याआधी काही जाणवेलच असे नाही. शहाळ्यातही पोटॅशियम भरपूर असते, म्हणून रोज शहाळे पिणाऱ्यांनीही, मूत्रपिंडाचा विकार असल्यास, हे लक्षात घ्यावे.

मनवा_३४ | ११ जुलै, दुपारी ४:२०

इथे बहुतेकांनी आईवडिलांबद्दल लिहिले आहे, मी स्वतःबद्दल लिहिते. मी ३४ वर्षांची आहे आणि दोन वर्षे टेल्मिसार्टन-अ‍ॅम्लोडिपिनची गोळी घेत होते. आम्ही बाळाचा विचार करत होतो, पण रक्तदाबाच्या डॉक्टरांना ते सांगायचे मला सुचले नाही आणि त्यांनी विचारले नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत पट्टी पाहून ती गोळी बदलायला लावली. टेल्मिसार्टन आणि त्याच्या गटातली औषधे गर्भाच्या मूत्रपिंडांना इजा करतात, म्हणून गरोदरपणात ती वर्ज्य आहेत. आता मला लॅबेटॅलॉल चालू आहे आणि पाचवा महिना सुरू आहे. माझ्या वयाच्या कोणी हा धागा वाचत असेल तर कृपा करून हे मनावर घ्या. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना आजच सांगा.

रानजाई | ११ जुलै, दुपारी ४:३०

मनवा, तुझी आणि बाळाची प्रकृती उत्तम राहो.

थेम्सकाठी | ११ जुलै, रात्री ११:५०

मी लंडनला असते. आईबाबा सहा महिन्यांसाठी आले तेव्हा चार महिन्यांच्याच गोळ्या आणल्या होत्या. संपल्यावर मी भारतातल्या गोळीचे व्यापारी नाव इथल्या डॉक्टरांना सांगितले, ते कोणालाच ठाऊक नव्हते. नशिबाने बाबांनी रिकामी पट्टी फेकली नव्हती, तिच्यावरची मूळ नावे आणि मात्रा पाहून डॉक्टरांनी त्याच मात्रेच्या दोन सुट्या गोळ्या दिल्या. पण घोळ पुढे झाला. परत गेल्यावर बाबांनी तिकडची एक आणि इकडच्या दोन अशा तिन्ही घ्यायला सुरुवात केली. आईने फोनवर सहज सांगितले म्हणून त्याच दिवशी थांबवता आले. आता दोघांच्या पाकिटात एकेक कार्ड आहे, त्यावर मूळ नाव, मात्रा, कशासाठी, केव्हापासून आणि खाली ‘बंद केलेली औषधे’ असा वेगळा रकाना. हा शेवटचा रकाना सर्वांत उपयोगी पडतो.

मुठाकाठ | १२ जुलै, सकाळी ८:००

घरच्या यंत्रावर आकडे दर वेळी वेगळे येतात, त्यामुळे गोळी जास्त होते की कमी तेच समजत नाही.

अजिंक्यतारा | १२ जुलै, सकाळी ८:४०

मोजण्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको, लघवीला जाऊन यावे, पाठ टेकून आणि पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसावे. दंड उघडा, हात टेबलावर छातीच्या पातळीला, पट्टा दंडाच्या मापाचा. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. घरच्या आकड्यांची सरासरी १३५/८५च्या खाली असावी असे साधारणपणे धरतात. ज्येष्ठांचा रक्तदाब उभे राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनीही मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर डॉक्टरांना कळवावे. अनघाताईंच्या आईंचा वरचा आकडा २४ ने उतरला होता.

आणि एकच आकडा जास्त दिसला म्हणून शेजाऱ्याची गोळी जिभेखाली ठेवण्याचा जुना प्रकार अजून चालतो, तो थांबला पाहिजे. रक्तदाब झपाट्याने उतरला तर मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडतो. छातीत दुखणे, बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे, हातापायातली शक्ती जाणे यांपैकी काही असेल तर घरी गोळ्या शोधत न बसता १०८ला फोन करावा.

अनघा_चिपळूण | १४ जुलै, रात्री ९:३०

सर्वांचे मनापासून आभार. काल आईला घेऊन पुन्हा पुण्याच्या डॉक्टरांकडे गेले आणि या वेळी सगळ्या पट्ट्या, अगदी बाम आणि काढ्याच्या पुडीसकट, एका पिशवीत भरून नेल्या. सुट्या गोळ्यांचा प्रश्न मी त्यांना विचारला. त्यांचे म्हणणे असे पडले की आईची मात्रा नऊ वर्षे ठरलेली आहे, तेव्हा संयुक्त गोळीच ठीक, मात्र जुनी गोळी घरात राहता कामा नये. ती आता घरात नाही. चिठ्ठीच्या मागे त्यांनी आजारपणात कोणाला फोन करायचा ते लिहून दिले आणि ‘गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक नको’ अशी एक ओळ मी मागून घेतली.

घोट्यांची सूज जवळजवळ उतरली आहे. आज सकाळी बसून १३२/७८, उभे राहून एका मिनिटाने १२६/७६ आणि तीन मिनिटांनी १२८/७६. थेम्सकाठी यांच्यासारखे कार्ड मी मोठ्या अक्षरांत केले. आईने ते देवघराशेजारी लावले आहे. सकाळी फोनवर मी विचारते, ‘आई, आज काय घेतलेस?’ पूर्वी ती ‘बीपीची’ म्हणायची. आज ती चष्मा लावून, पट्टी हातात धरून, अडखळत म्हणाली, ‘टेल्मि-सार-टन चाळीस आणि अ‍ॅम्लो-डि-पिन पाच, दोन्ही एकात आहेत.’

रक्ततपासणी सोमवारी आहे.

गोदाकाठ | १४ जुलै, रात्री ९:५५

अनघाताई, अहवाल आला की क्रिअ‍ॅटिनिनबरोबर सोडियम आणि पोटॅशियमचे आकडेही इथे लिहा. लघवीची गोळी काही दिवस पोटात गेली होती, म्हणून सोडियम पाहायला हवे.